गाडी सुनिलची, फाळका अनंताचा

मी, कुंडलिक पांडू विशे, वय एकाहत्तर, धंदा पूर्वी जीप चालवणे व हल्ली ती पुसणे, राहणार सापगाव, तालुका शहापूर, जिल्हा ठाणे, आज खंडेनवमीला पडवीत बसून हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. मला साखर आहे, वेड नाही. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझी पत्नी सकुबाई हिचं मत वेगळं आहे, परंतु ती डॉक्टर नाही. मला कुणी धाक घालून वा गोड बोलून हे लिहायला लावलेलं नाही. गोड बोलणारं या घरात कुणी नाहीच.

कलम १. राहतं घर सकुबाईचं. ती असेपर्यंत तिला तिथून कुणी ‘जरा सरक’ असंही म्हणू नये. तिच्या पश्चात घर मुलगा सुनिल याचं.

कलम २. भाताचं शेत सुनिल आणि मुलगी दिपाली, मुरबाडला दिलेली, या दोघांना निम्मं निम्मं. सुनिलने हे तोंडाने मान्य केलं आहे. चेहऱ्याने अजून केलेलं नाही, पण कायद्याला तोंड पुरतं.

कलम ३. पाने, पक्कड, टॉमी व हत्यारांची पेटी सुनिलला. पेटीतला जॅक मात्र पेटीत नाही. तो शेजारी ज्ञानेश्वर गोजर यांनी सुनिलच्या बारशाला नेला. सुनिलला आता टक्कल पडलं आहे. सदर गोजर या मृत्युपत्राचे साक्षीदार क्रमांक एक आहेत. त्यांनी हे कलम वाचून सही केली म्हणजे जॅक मान्य केला, असं धरावं.

कलम ४. माझी जीप. तिच्या कंपनीचं नाव इथे लिहीत नाही. ते तिच्या फाळक्यावर, म्हणजे मागच्या पत्र्याच्या दारावर, उठावाच्या अक्षरांत आहे, आणि तिथे ते आता दिसत नाही. एवढ्यासाठीच तर हा सगळा खटाटोप. बोटाने चाचपलं तरच कळतं.

ती अक्षरं कशी गेली ते लिहून ठेवणं भाग आहे, नाहीतर मागे लोक काहीही बोलतील. काही उन्हाने गेली, काही गवताच्या भाऱ्यांचे दोर घासून. उरलेली सकुबाईने घालवली. दर दसऱ्याला ती देवाची तांब्या-पितळेची भांडी राख-चिंचेने घासते, आणि त्याच हाताने फाळकाही घासते. तिला अडवलं तर म्हणते, पूजेची वस्तू लखलखीत पाहिजे. अक्षरांचा रंग गेला, पत्रा लखलखीत झाला. पूजा मात्र कधी चुकली नाही.

ही अक्षरं माझा धाकटा भाऊ अनंता रंगवत असे. मुरबाडच्या निम्म्या दुकानांच्या पाट्या त्याच्या हातच्या होत्या. पुढे फ्लेक्स आले आणि त्याचे ब्रश डब्यात गेले. पण माझ्या फाळक्याचं काम त्याने तेव्हाही सोडलं नाही. लाल अक्षर, भोवती पांढरी कड, आणि हात असा की अक्षर पुरं होईपर्यंत तो श्वासही घ्यायचा नाही. शहापूरच्या स्टँडवर लोक गाडीच्या मागे येऊन उभे राहायचे. मी पुढे बसलेला असायचो, तरी मला मान वाटायचा.

एका दसऱ्याला त्याने रंगवून नुकता ब्रश खाली ठेवला होता. म्हणाला, रंग ओला आहे, हार उद्या घाला. इकडे मुहूर्त टळत होता. मुहूर्त मी काढलेला नव्हता. मी फाळक्यावर झेंडूचा हार बांधला. संध्याकाळी सोडायला गेलो तर हाराबरोबर रंग आला, आणि झेंडूच्या पाकळ्या मागे राहिल्या. मी म्हणालो, रंग हलका असणार. अनंताने ब्रश पुसले, आपट्याचं सोनं न देता आणि न घेता मुरबाडला निघून गेला. त्यानंतर दसऱ्याला आम्ही एकमेकांच्या दारात गेलेलो नाही. तो मोठ्या भावाने यावं म्हणून थांबला, मी धाकट्याने यावं म्हणून. आम्ही दोघेही आईवर गेलो आहोत.

सुनिलने मध्ये एकदा फाळक्यावर रेडियमची अक्षरं चिकटवून आणली. सकुबाईच्या राखेपुढे ती एक दसराही टिकली नाहीत. आता तो चकचकीत प्लास्टिकची अक्षरं घरपोच मागवू म्हणतो. म्हणून

कलम ५. जीप सुनिलची, परंतु तिचा फाळका माझा भाऊ अनंता पांडू विशे याचा. सुनिलने फाळक्याशिवाय गाडी खुशाल चालवावी. मागून बकरं पडलं तर त्याची जबाबदारी या मृत्युपत्रावर नाही. फाळका हवा असेल तर मुरबाडला जाऊन काकाला हात जोडावे, अक्षरं त्याच्याकडून रंगवून घ्यावीत, आणि रंग वाळेपर्यंत तिथेच जेवावं. मी गेल्यावर तरी या दोन घरांत जाणं-येणं सुरू व्हावं, एवढीच यामागे इच्छा आहे. मला अनंताची आठवण येते. दर दसऱ्याला आपट्याचं एक पान मी गाडीच्या काचेपाशी ठेवतो, ते कुणासाठी हे घरात कुणी विचारत नाही.

कलम ६. रेडियम लावणाऱ्यास काहीही मिळणार नाही.

कलम ७. हे कलम जेवणानंतर लिहीत आहे, कारण मध्ये घोटाळा झाला. ठरलेला दुसरा साक्षीदार आला नाही. त्याच्याऐवजी दिपाली मुरबाडहून काकालाच घेऊन आली. कलम ५ तिला तिच्या आईने फोनवर वाचून दाखवलं होतं. या घरात मृत्युपत्रसुद्धा मरेपर्यंत गुप्त राहत नाही.

अनंता ओटीवर बसला. पाणी प्यायला. केस सगळे पांढरे झालेत त्याचे. वकीलबाई श्वेता रोकडे यांनी समजावलं की, ज्याला मृत्युपत्रात काही मिळतं त्याने साक्षीदार म्हणून सही न केलेली बरी. फाळका घ्या नाहीतर सही करा. अनंताने माझ्याकडे पाहिलं.

“दादा, फालका नको मला. तू मेल्यावर रंगवून तुला काय दिसनार हाय?”

मी म्हणालो, मुद्दा बरोबर आहे. त्याने पिशवीतून ब्रश काढले. रंगाचा डबाही घेऊनच आला होता.

सबब कलम ५ मधला फाळका रद्द. गाडी फाळक्यासकट सुनिलला.

कलम ८. उद्या दसरा. मुहूर्त सकाळचा आहे व अक्षरं ओली आहेत. पूजा गाडीच्या पुढच्या बाजूने करावी. रंग वाळला असं अनंता स्वतः म्हणेपर्यंत फाळक्याला हार, हळद, राख, चिंच व सकुबाई यांपैकी काहीही लागू नये. तोवर अनंता इथेच राहील. हे कलम मी जिवंत असतानाच लागू आहे.

वरील मजकूर मी शुद्धीवर, राजीखुशीने लिहिला, पुन्हा वाचला, व खाली सही केली.

कुंडलिक पांडू विशे

साक्षीदार
१. ज्ञानेश्वर गोजर, सापगाव (जॅक शोधून देतो)
२. अनंता पांडू विशे, मुरबाड

स्थळ: सापगाव, जीपच्या मागे
दिनांक: १ ऑक्टोबर २०२५

टीप: साक्षीदार क्रमांक दोन यांच्या सहीवरचा लाल डाग रंगाचा आहे. ती खाडाखोड समजू नये, व तो कुणी पुसू नये.