वारुळातला म्हातारा

आई,

मनानेच तुझा हात कपाळाला टेकवून लिहितो. मी मजेत आहे. इथला सुका मासा फार खारट, पण ते असू दे.

रस्त्याच्या कामावर वारुळात राहणाऱ्या त्या न दिसणाऱ्या बुटक्या म्हाताऱ्याला "बाजूला व्हा, आजोबा" न म्हणताच मी वारुळावर मुतलो. पाय भोपळ्यासारखा सुजलाय, घरी यायच्या बोटीत चढता येत नाही. कुणाची बाधा ते बघायला इथल्या वैदू सेपाआजींनी पाण्यात वितळलेलं मेण ओतलं, तर त्यात तो बुटकाच उमटला! आजी ओरडल्या, "तोंड शिवलं होतं का रे, गाढवा? जा, त्याची माफी माग. तोवर सूज उतरायची नाही."

लंगडत गेलो, तर वारुळावर डांबर पडलेलं.

आजी म्हणाल्या, "तो खाली अडकला, तू वर. बसा आता दोघं."

धाकटीचा खोकला थांबला का? फादर हसतील, तरी विचार त्यांना, डांबराखाली माफी पोचते का? मी रोज सकाळी मागतोय.

तुझा,
दल्मासियो