ढमीच्या कॉलेजचं खातं

४ मार्च, बुधवार

ढमी आज तीन वर्षांची झाली! तिच्या जन्मापासून साठवलेली रक्कम महिनाअखेरपर्यंत शिक्षणाच्या खात्यात टाकायलाच हवी, नाहीतर यंदाची करसवलत बुडाली. माझं शिक्षण पैशांवाचून अडलं. या घरात पुन्हा कुणाचं अडू द्यायचं नाही!

बँकेतून दोन पत्रकं आणली. पहिल्या खात्यात व्याजावर कर नाही, पण पैसे फीसाठीच काढायचे, नाहीतर दंड. दुसऱ्यातून कधीही काढा — कर भरा. मी पडलो लिफ्ट तपासणारा माणूस. दोर ओढून बघितल्याशिवाय सही करत नाही.

८ मार्च, रविवार

बारीक अक्षरं भिंगाने वाचली. ढमीनं दूध सांडलं — नेमकं दंडाच्या कलमावर.

११ मार्च, बुधवार

बँकेतल्या बाईंना तिसऱ्यांदा फोन. मुलगी शिकलीच नाही तर? "दंड." गायिका झाली तर? "गाण्याचंही कॉलेज असतं." बँकच बुडाली तर? "साहेब, ती अजून बालवाडीत जायची आहे ना?"

म्हणे!

१७ मार्च, मंगळवार

हिला घेऊन बँकेत. मी बावीस प्रश्न विचारले. हिनं एकच — "लाभार्थी म्हणून घरातलं दुसरं कुणी चालतं का?" "चालतं की! नंतर नावही बदलता येतं." बाई हिच्यावर खूश, माझ्याकडे बघायलाही तयार नाहीत.

ही औषधांच्या दुकानात काउंटरवर असते. फार्मसीचं शेवटचं वर्ष ढमीच्या वेळी राहिलं ते राहिलंच. डोकं मात्र माझ्यापेक्षा तल्लख, हे कबूल करायला हवं. इथे करतो, तिच्यासमोर नाही.

२६ मार्च, गुरुवार

तक्ता सत्तेचाळीस ओळींचा झाला. दोन्ही खाती बरोबरीत! डोक्याचा पार भुगा.

ही म्हणाली, "अहो, तुमचा तक्ता संपेपर्यंत ढमीची मुलं कॉलेजात जातील. पहिलंच घ्या."

३१ मार्च, मंगळवार

शेवटचा दिवस, आणि माझ्या डोक्यावर तीन इमारतींच्या तपासण्या! हिनंच फॉर्म भरून आणला. लिफ्टच्या दारात उभ्या-उभ्या सही ठोकली. वाचायला वेळ कुणाला होता? हुश्श! सुटलो एकदाचा.

९ एप्रिल, गुरुवार

बँकेचं पत्र. लाभार्थी — माझी बायको!

विचारलं, तर म्हणते कशी, "ढमीकडे पंधरा वर्षं आहेत. माझं कॉलेज जूनमध्ये सुरू होतंय."