कडूबाच्या रसवंतीचा बंदोबस्त

१० फेब्रुवारी १९९९
आजची तारीख कडूबाने लक्षात ठेवावी. मी ठेवणारच आहे.
दुपारी कोपऱ्यावर त्याच्या रसवंतीचं मशीन अडकलं. मोटर नुसती गुरगुरत होती. मी आपणहून गेलो. म्हटलं, पाना दे, बघतो. तर सेकंड शिफ्टला निघालेल्या सगळ्या पोरांसमोर म्हणाला, काका, तुम्ही कंपनीत स्टोअरला पाने वाटत होते, फिरवत नव्हते. जरा लांबच थांबा. पोरं हसली.
घरी येईपर्यंत कालिंदीला नळावर कळलं होतं. तीही हसली. बायको म्हणून शोभत नाही.
आयुष्यभर ज्याने पाने वाटले त्याला पाना कळत नाही? व्हीआरएस घेतली म्हणजे अक्कलही कंपनीत जमा केली काय?
निश्चय : गुढीपाडव्याच्या आत कडूबाची रसवंती बंद. कायमची.

१२ फेब्रुवारी, सकाळ
प्लॅन तयार. बजाजनगरात दुपारी लाइट जाते. लाइट गेली की कडूबा माशा मारतो. नेमक्या त्याच वेळी समोर माझा चरक सुरू. जुना, लोखंडी, हाताने फिरवायचा. सगळं गिऱ्हाईक माझ्याकडे. कडूबा बघत बसणार. मी त्याच्याकडे बघणारसुद्धा नाही.
थोडं बघेन.

१४ फेब्रुवारी
गंगापूरला जाऊन आलो. कालिंदीचे मामा आप्पासाहेब यांच्या मळ्यात तसला चरक बाभळीखाली पडून होता. त्यावर कोंबड्या बसायच्या. आप्पासाहेब म्हणाले, जावईबापू, न्यायचा तर न्या, पण लई वर्षांचा गंजलेला हाय, त्याच्या नादी लागू नका. म्हटलं, आता तो माझ्या नादी लागेल.
येताना जीपवाल्याने चरकाला आत जागा दिली आणि मला टपावर बसवलं.
चरक दारात उतरवला. कालिंदीने विचारलं, आता धुणं कुठं धुवायचं? मोठ्या लढाईत असले प्रश्न येतातच.

१६ फेब्रुवारी
जुना बाजार. वहाबभाईंकडून जुनी हत्यारं आणली. हाताने फिरवायचं ड्रिल, कानशी, छिन्न्या आणि माझ्या हाताएवढा लांब पाना. वहाबभाई म्हणाले, निजाम के टाइम का माल है साहब, आज का लोहा इसके सामने पापड. कोणत्या साइजचा बोल्ट खोलायचा, असंही विचारलं. म्हटलं, सगळ्या. त्यांनी जरा वेळ माझ्याकडे पाहिलं. आदराने.

२० फेब्रुवारी
पहिला बोल्ट हलत नाही. रॉकेल ओतलं. पान्याला लोंबकळलो. हातोडीने ठोकलं. बोल्ट कडूबाला सामील दिसतो.

२१ फेब्रुवारी
कालिंदी स्टोव्हसाठी रॉकेल शोधत होती. मी पेपर वाचत होतो.

२३ फेब्रुवारी
सुटला! फक्त दिशेचा प्रश्न होता. इतके दिवस मी त्याला आवळत होतो. पण विचार केला तर ते बरंच झालं. बोल्ट आधी पूर्ण आवळल्याशिवाय पूर्ण सुटत नाही. हे पुस्तकात सापडणार नाही.

१ मार्च
कानशीने चक्राचे दात घासतोय. शैलावहिनींचा शेजारून निरोप आला, बाळ झोपत नाही. म्हटलं, होईल सवय.
आवाज ऐकून कडूबा स्वतः आला. विचारलं, काका, नेमकं काय चाललंय? खरं तर प्लॅन गुप्त होता. पण राहवलं नाही. सगळं सांगितलं. लाइट, चरक, गिऱ्हाईक, पाडवा. त्याचा चेहरा उतरला. तडक दुकानाकडे गेला.
आज दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

६ मार्च
चरक जोडला. एक किरकोळ अडचण. चरकातले रूळ उलटे फिरतात. ऊस आत जायच्याऐवजी माझ्याच अंगावर येतो. एकदा चष्म्यावर आला.

१२ मार्च
आता ऊस आत जातो. रसही येतो. रंग काळपट, म्हणजे लोहयुक्त. कालिंदीला पहिला ग्लास दिला. एक घोट घेतला आणि म्हणाली, माझं रॉकेल सापडलं.
बोर्ड रंगवला : इथे रस हाताने काढला जातो. कालिंदी म्हणाली, हात धुतला का तेही लिहा. तिचं माहेर गंगापूरचं असलं तरी तिला उसातलं काही कळत नाही.

१८ मार्च, पाडवा, सकाळ
नारळ फोडला. आज कडूबाचा शेवटचा दिवस. थोडी दया येते आहे. दाबून टाकतो.

२० मार्च
डाव्या हाताने लिहितोय. अक्षर माझं वाटत नाही.
पाडव्याला सगळं मनासारखं होत होतं. बरोबर दुपारी लाइट गेली. फर्स्ट शिफ्ट सुटली. गर्दी माझ्यासमोर उभी राहिली, खरोखर राहिली. पहिला ऊस घातला. अर्धा गेला आणि अडकला. मी सगळं वजन दांड्यावर टाकलं. दांडा निघून हातात आला आणि मी त्याच्यासकट खांद्यावर पडलो.
पडल्या पडल्या समोरून भडभड आवाज ऐकला. जनरेटर. कडूबाकडे! तहानलेली सगळी गर्दी तिकडे वळली.
फक्त कडूबा इकडे आला. भरलं दुकान सोडून. मला गाडीवर मागं बसवून डॉक्टरकडे नेलं. वाटेत म्हणाला, काका, तुम्ही त्या दिवशी सांगितलं आन् मी लई भ्यालो. रात्रभर झोप नाय. मेहुण्याच्या हातापाया पडून त्याचा जनरेटर आणला.
खांदा ठणकत होता, तरी बरं वाटलं. भ्याला होता.
त्याच्याशी एक शब्द बोललो नाही. उतरताना मात्र त्याचा खांदा धरावा लागला.

२८ मार्च
जाग आली तर दारात चरक नाही. कालिंदी म्हणाली, कडूबाने विचारलं, मी दिला. धुणं धुवायला जागा झाली. चौघांनी उचलून नेला, तुम्ही घोरत होतात.
त्याने तो दुकानासमोर ठेवलाय. लाल रंग दिलाय. कंपनीच्या बसची वाट बघणारे त्यावर बसून रस पितात. खिडकीतून दिसतं.
कालिंदीला विचारलं, हा कुणी दुरुस्त केला असं कुणी विचारतं का? म्हणाली, कुणी नाही. लोकांना वाटतं कडूबाच्या आजोबाचा आहे.
आणि कडूबा?
तो नाही म्हणत नाही.
आत्ताच्या आत्ता जाऊन चारचौघांत सांगणार होतो. पण सदऱ्याच्या बाहीत हात जाईना. कालिंदीला घाल म्हटलं, तर तिने हातात रसाचा ग्लास दिला. कुठला, ते विचारलं नाही.
प्यायलो. अजून आहे का, एवढं विचारलं.