तीन टिंबं

बाबा,

आज मंगळवार, सोळा डिसेंबर. सकाळी किन्हवली-सरळगाववरून जाणाऱ्या एसटीने मुरबाडला गेले, दुकानदाराला नको ते बोलले आणि दुपारच्या गाडीने शहापूरला परत आले. जेवले नाही. कॉम्प्युटर बंद आहे, म्हणून हे हाताने लिहिते आहे.

तुम्ही जाऊन नऊ वर्षं झाली. तुम्ही घेऊन दिलेला कॉम्प्युटर अजून तोच आहे. आसनगावच्या बांधकामवाल्यांना बंगल्यांचे नकाशे आणि घर बाहेरून कसं दिसेल त्याची चित्रं मी त्याच्यावरच करून देते. महिन्याभरापूर्वी पडद्यावर हिरवे पट्टे यायला लागले. सुरू केल्यावर दहा मिनिटं सगळं ठीक, मग पट्टे, मग अंधार. तुम्ही शिकवलं होतं तशी बाहेरून आत शोधत गेले. वायर बदलली. शेजाऱ्यांचा मॉनिटर आणून लावला. सॉफ्टवेअर काढून पुन्हा घातलं. पट्टे तसेच. मग उरलं ते ग्राफिक्स कार्ड, पडद्यावरचं चित्र तेच तयार करतं. ते काढून मुरबाडला दिलं, तुम्ही टेबलफॅन न्यायचात त्याच दुकानात. आता तिथे त्या काकांचा मुलगा बसतो, साधारण माझ्याच वयाचा. त्याने कार्ड आठ दिवस ठेवलं. मध्ये फोन करून विचारलं, "आतून खोलून साफ करू का?" मी नको म्हटलं. खोलायला परवानगी दिली की आतलं काय बदललं ते कधी कळत नाही, असं मनात आलं. हे वाक्य माझं नव्हे, तुमचं आहे.

आज त्याने कार्ड माझ्यासमोर ठेवलं. "कार्डाच्या सोनेरी दातांवर खोडरबर फिरवला, वरून हवा मारली, दुसऱ्या मशीनला लावून बघितलं. तिथं पण पट्टे. तापून तापून चाललंय ते, ताई." मी कार्ड हातात घेतलं, उलटं केलं आणि मागच्या पत्र्याच्या पट्टीवर तुमची टिंबं शोधली. नव्हती.

भातसानगरच्या धरणाच्या वर्कशॉपमध्ये पान्ह्यांची अदलाबदल व्हायची, म्हणून तुम्ही आपल्या प्रत्येक पान्ह्यावर पंच, तो टोकदार पोलादी खिळा, हातोडीने ठोकून तीन टिंबं मारायचात. मग ती टिंबं घरात आली. लोकांच्या भांड्यांवर नावं असतात, आपल्या भांड्यांवर टिंबं होती. पितळी डब्यावर, इस्त्रीवर, माझ्या कंपासपेटीतल्या कर्कटकावरसुद्धा. मी दहावीत असताना शेजारच्या क्वार्टरमधली मैत्रीण ते कर्कटक परत द्यायला आली. तुम्ही जेवत होतात. डाव्या हाताने ते घेतलंत, दिव्याकडे धरून उलटं केलंत, टिंबं पाहिलीत आणि मगच मला दिलंत. ती सगळं बघत उभी होती. नंतर ती आपल्याकडे आली नाही. मी विचारलं, "तिनं चोरलं असतं का?" तुम्ही म्हणालात, "चोरलं असं कोण बोललं? माणूस वाईट नसतो गो, पण वस्तू सारख्या दिसतात." मी तीन दिवस तुमच्याशी बोलले नाही. तुमच्या ते लक्षात आलं होतं की नाही, मला अजून माहीत नाही. मी तशीही कमीच बोलायचे.

कॉम्प्युटर घरी आला त्या दिवशीही तुम्ही पंच काढलात. बाकी सगळं नाजूक, म्हणून कार्डाची पत्र्याची पट्टी सोडवून घेतलीत. मी चिडून स्वयंपाकघरात गेले. टक्, टक्, टक् एवढं ऐकलं. टिंबं नेमकी कुठे मारलीत ते पाहिलं नाही.

आणि आज मुरबाडच्या दुकानात मी म्हणाले, "हे माझं कार्ड नाही. बदललंय." बाकावर मोबाइल दुरुस्तीची वाट बघत बसलेला एक माणूस हसला. "आता तर कॅमेराच लावा रे दुकानात," म्हणाला. दुकानदार हसला नाही. "तुमचे बाबा पण असंच करायचे, ताई. पंखा उलटा करून बघायचे. माझा बाप बोलायचा, बघू दे त्यांना, त्यांचं समाधान होतंय. पण त्यांनी असं तोंडावर कधी बोलून दाखवलं नाय." त्याने कार्ड वर्तमानपत्रात गुंडाळलं. देताना विचारलं, "एक सांगा, कपडा घालून चालवता काय मशीन?"

"नाही," मी म्हणाले.

घरी येऊन चष्मा लावून, टॉर्च घेऊन बसले. पट्टीची वरची कड दुमडलेली असते, जिथे स्क्रू बसतो. तिच्या खालच्या अंगाला, गंजाखाली, तीन टिंबं होती. बाहेरून कुणाला दिसू नयेत म्हणून तुम्ही ती तिथे मारली असणार. मला लाज वाटायला हवी होती. पण डोक्यात आलं ते असं, की पट्टी दोन स्क्रूंची आहे. तुम्ही सोडवलीत तशी ती कुणालाही सोडवता येते आणि दुसऱ्या कार्डाला बसवता येते. म्हणून मी पंखाही खोलला, जे त्याला करू दिलं नव्हतं.

पंख्याखालच्या जाळीत लोकरीसारखा लगदा घट्ट बसला होता. चिमटीत धरून बाहेर ओढला. खाकी होता.

तुमच्या शेवटच्या गणवेशाचं कापड. धूळ बसू नये म्हणून तुम्ही ते शिंप्याकडे नेऊन कॉम्प्युटरला खोळ शिवून आणली होती, मागे वायरींसाठी भोक ठेवून. "मशीन बंद केलं की घालायची," म्हणाला होतात. तुम्ही होतात तोवर मी तसंच केलं. तुम्ही गेल्यावर ती काढायची सोडून दिली. नऊ वर्षं त्या खोळीतच मशीन चालवलं. आत किती तापत असेल, हे मला कळत नव्हतं असं नाही.

तेव्हा कार्ड माझंच आहे. तुमच्या टिंबांवरून मला ते पटलं नाही, त्या खाकी लगद्यावरून पटलं. तो माणूस खरं बोलला आणि मी खोटं बोलले. तेही त्याचा प्रश्न तोंडून पुरता यायच्या आधीच माझं उत्तर तयार होतं. वस्तू सारख्या दिसतात, एवढंच कारण तुम्ही दिलं होतं. मला तर माणूसच वाईट वाटला होता.

गुरुवारी कार्ड घेऊन पुन्हा मुरबाडला जाईन. आतून खोला, असं सांगेन. कपड्याचंही सांगेन, बाकावर कुणी बसलेलं असलं तरी. हे लिहिते आहे ते धाडण्यासारखं नाही, आणि धाडायचं कुठे.

आता उठते. खोळ काढली आहे, तिच्यातून धूळ निघते आहे. ती बादलीत भिजत घालते.