गिरणी चालू असताना गिटार वाजवण्याबाबत

ताई, तू फोन कट केलास म्हणून बोलणं संपलं असं समजू नकोस. "ऑपरेशनच्या तोंडावर मृत्युपत्रासारखं अभद्र कोण लिहितं?" म्हणालीस. मी लिहितो. ज्याच्या नावावर काही असतं त्यानं लिहायचं असतं. माझ्या नावावर जे आहे ते तुझं आणि आईचं आहे, म्हणून तर जास्तच घाईनं लिहायचं असतं. आता मध्ये बोलू नकोस. वाच.

मी, करण भागवत मुरूमकर, वय सव्वीस, शिक्षण बी.ए., धंदा... इथं पेन थांबला. धंदा आईचा आहे, पिठाच्या गिरणीचा. मी तिच्या मागच्या खोलीत बसून इलेक्ट्रिक गिटार रेकॉर्ड करतो. राहणार जामखेड, जिल्हा अहिल्यानगर (माझ्या आधार कार्डावर अजून अहमदनगरच आहे, ते दुरुस्त करायला कुणी रांगेत उभं राहू नये). तर मी लिहून ठेवतो की माझं डोकं जाग्यावर आहे, मला कुणी दम दिलेला नाही, दारू मी पीत नाही आणि पाणीसुद्धा डॉक्टर सांगतील तेवढंच पितो. शरीराबद्दल असं छातीठोक लिहिता येत नाही. दोन्ही किडन्या गेल्यात. परवा पुण्याला आई तिची एक मला देणार आहे. मी आज पुढं जाऊन भरती होतोय, उद्या तू तिला घेऊन येणार आहेस. मध्ये काही झालं तर, किंवा नंतर कधीही झालं तर, खालीलप्रमाणे करावं. याआधी मी एकही मृत्युपत्र केलेलं नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखंही काही नाही.

१. गिरणी. वडील, म्हणजे अण्णा, गेल्यावर गिरणी, तिचं मीटर आणि मागची खोली माझ्या नावावर झाली. तू आणि आईनं रजिस्ट्रार कचेरीत जाऊन हक्कसोडपत्र करून दिलं. का, तर मुलगा आहे. त्या मुलानं आजपर्यंत एकदाही पट्टा चढवला नाही, बोथट झालेल्या जात्याला टाकी लावली नाही, कुणाचा डबा उचलून काट्यावर ठेवला नाही. तू सासरहून रजा काढून आलीस, सही केलीस, आणि वर मलाच म्हणालीस, "नीट सांभाळ." मी 'हो' म्हणालो. ते 'हो' मी इथं परत घेतो. माझ्यानंतर गिरणी, मीटर आणि खोली आईची, पूर्ण मालकीची. आईनंतर तुझी. यात तू "राहू दे रे, मला काय करायचंय" असं काही म्हणायचं नाही. ते आपल्या घरातल्या बायका फार सवयीनं म्हणतात.

२. लॅपटॉप तुझा. त्याची बॅटरी गेलीय, वायर लावूनच चालतो. त्यात 'फायनल', 'फायनल नवा', 'खरा फायनल' अशी फोल्डरं आहेत. न ऐकता पुसून टाकावीत. ऐकलीस तर मला कसंतरी होईल, मेल्यावरसुद्धा.

३. गिटार, तिची वायर आणि इंटरफेस (म्हणजे गिटार लॅपटॉपला जोडायची लाल डबी) हे गहिनीनाथला द्यावं. गहिनीनाथ माझा मित्र, वरातीत बँजो वाजवतो, भोंग्यातून गावभर. माझं रेकॉर्डिंग पहिल्यांदा ऐकून तो म्हणाला होता, "कऱ्या, लेका तू वाजवतो झ्याक, पन ह्ये आवाज काय हाय? चिखलात म्हस बसल्यावानी." मी त्याच्याशी बरेच दिवस बोललो नाही. तो राग इथं सोडतो, कारण त्याचं खरं होतं.

गिटार नुसती घेऊन उपयोग नाही, म्हणून कलम तीनलाच जोडून लिहितो. गहिन्या, लक्ष देऊन वाच, तुला सगळं फुल्ल लावायची खोड आहे.

मला जो आवाज पाहिजे होता तो स्वच्छ, आणि त्याला वरून थोडीशी खरखर. भरड दळतात ना, तसा. दाणा फुटलेला, पण दाणा आहे हे कळतं. मी वर्षानुवर्षं पीठ करत बसलो. लॅपटॉपमधल्या ॲम्पचा ड्राइव्ह, म्हणजे आवाज फाडायचं बटण, वाढवला की आवाज मोठा आणि मर्दानी वाटतो, पण कॉर्ड वाजवली की सहा तारांचा एक गोळा होतो. तेव्हा ड्राइव्ह कमी ठेवायचा, मनाला वाटेल त्याच्या निम्मा. लाल डबीवरचं बटण असं लावायचं की तू चिडून वाजवलंस तरी लाल दिवा लागला नाही पाहिजे. गिटारवरचा व्हॉल्यूम जरा मागं घ्यायचा, जोर हातानं द्यायचा. खालचा घुमारा ड्राइव्हच्या आधीच कापायचा, नंतर कापून चिखल निघत नाही. आणि आवाज जाड पाहिजे असेल तर तेच परत एकदा वाजवून एक डावीकडं, एक उजवीकडं ठेवायचं. कॉपी करून ठेवू नको, दुसऱ्यांदा खरंच वाजव. एवढं केलंस तर प्रत्येक तार वेगळी ऐकू येईल.

पण एक राहतं. घुंऽऽ.

४. घुंऽऽ याबद्दल. गिरणीची मोटर आणि माझी खुर्ची यांच्यामध्ये एक भिंत आहे. मोटर चालू झाली की गिटारमध्ये घुंऽऽ यायचं, आणि थोडा ड्राइव्ह लावला की ते घुंऽऽ गिटारपेक्षा मोठं व्हायचं. मी अर्थिंग बदलून बघितलं. वायर बदलली. भिंतीला गोधड्या टांगल्या, जसं काही तो भिंतीतून येणारा आवाजच आहे. शेवटी मी दारातून डोकं काढून म्हणायचो, "आई, बंद कर ना जरा."

आणि आई बंद करायची.

ते तुला माहीत आहे, ताई, पण तू दिवाळीला येतेस, तू सगळं बघितलेलं नाहीस. वरच्या पेटीतला दाणा संपला की बाया डोक्यावर डबे घेऊन उभ्या आणि आई पट्ट्यापाशी हात बांधून उभी. राहीमावशी तर भांडायला लागायच्या. राहीमावशी म्हणजे पलीकडच्या गल्लीतल्या, ऊसतोडीहून माघारी आल्या की पहिलं दळण आपल्याकडं आणतात.

"भीमे, चालू कर की गिरन! पोरगं टुंगटुंग करतंय म्हनून आमी कोरडं जोंधळं फाकायचं व्हय?"

"थांब बाई जरा. रेकॉर्डिंग चालूय त्याचं."

"कशाचं रेकॉर्डिंग? शिनेमा काढतोय का?"

"तुला न्हाई कळायचं त्यातलं."

आईलाही कळत नव्हतं. पण ती ते अशा आवाजात म्हणायची की मला आत बसून तोंड लपवावंसं वाटायचं, आणि मी वाजवत राहायचो. पुढच्या चौकात दुसरी गिरणी झाली तेव्हा बायांना कारण शोधावं लागलं नाही. राहीमावशी तेवढ्या येत राहिल्या. माझ्या मते भांडायला.

५. हे कलम मी दोनदा लिहून फाडलंय.

डायलिसिससाठी माझ्या डाव्या हातात नस जोडलीय, ते तुला माहीत आहे. तो हात हवेत धरून गिटार वाजवली की कोपरापासून ठणकतो. मागच्या महिन्यात आई दळत होती, मी आत नुसताच तारांवर बोटं फिरवत होतो, रेकॉर्ड करणार नव्हतो. हात दुखायला लागला म्हणून मी खुर्ची फिरवली आणि कोपर खिडकीच्या कट्ट्यावर टेकवलं. तोंड भिंतीकडं असायचं ते खिडकीकडं झालं.

घुंऽऽ गेलं.

मला वाटलं लाइट गेली. लाइट होती. मोटर चालू होती, आई कुणाशी तरी हसत होती. मी परत भिंतीकडं वळलो. घुंऽऽ. खिडकीकडं, नाही. ताई, मी त्या खुर्चीवर लहान पोरासारखा गोल फिरत राहिलो. नंतर वाचलं. असल्या गिटारीचं असंच असतं, मोटरचा त्रास एका बाजूनं घेते आणि आडवं वळलं की घेत नाही. पहिल्याच पानावर लिहिलेलं होतं. मी ते पान कधी उघडलं नव्हतं, कारण मला त्याची गरजच पडली नव्हती. माझ्याकडं आई होती, ती बंद करायची.

म्हणजे नुसतं वळून बसायचं होतं. एवढंच. गिरणी एकदासुद्धा बंद करायची गरज नव्हती.

मी तिला सांगितलं नाही. आज सांगतो, उद्या सांगतो, असं चालू आहे. त्यातच तपासण्या झाल्या, तिचं जुळलं, आणि ती डॉक्टरांसमोर म्हणाली, "माझी घ्या, मला काय, बसून तर असते." बसून! मी खाली फरशीकडं बघत होतो. तिला वाटलं मी घाबरलो. डोक्यावरनं हात फिरवला माझ्या, डॉक्टरांसमोर.

एका माणसानं आपल्यासाठी रोज काहीतरी बंद करायचं, आणि आपण ते विनाकारण करायला लावत होतो हे कळल्यावर त्याच माणसाच्या पोटावर काप घ्यायला लावायचा. हे मी कुठल्या तोंडानं करतोय ते मला कळत नाही. पण करतोय. नको म्हणालो नाही. मला जगायचंय, आणि त्याची पण लाज वाटते.

६. म्हणून किडनीबद्दल. ती माझ्यात बसवली तरी माझी मिळकत समजू नये. ती आईची, माझ्याकडं नुसती ठेवायला. ऑपरेशननंतर आईला जड उचलायचं नाही, तेव्हा गिरणीवर गहिनीनाथनं यावं. गिटार फुकट मिळत नसते. माझ्यामागं या मृत्युपत्राप्रमाणे सगळं करायची जबाबदारी ज्ञानेश्वरीची, म्हणजे ताई, तुझी.

इथपर्यंत लिहिलं आणि साक्षीदार आले. गहिनीनाथ पण आलाय, तो सही करायला पुढं झाला. मी म्हणालो, "तुला नाही करता येत. ज्याला काही मिळतं त्यानं साक्षीदार व्हायचं नसतं."

"मग मला नको काई. दे हिकडं पेन."

"गप बस."

साक्षीदार म्हणून श्रीमंतभाऊ, त्यांच्याच जीपमधून मी पुण्याला चाललोय. आणि राहीमावशी, ज्या दळण घेऊन आल्या होत्या आणि दळण होईपर्यंत रिकाम्या होत्या.

"काय लिवलंय ते वाच आदी," राहीमावशी म्हणाल्या. "माज्या दाल्ल्यानं अशीच न वाचता सही केली आन मुकादमाकडं पाच साल आडाकला."

मी म्हणालो, साक्षीदारानं आतलं वाचायची गरज नसते, मी सही करताना बघितलं की झालं.

"मला हाय गरज."

म्हणून वाचलं. गिरणी चालू होती, हळू आवाजात वाचलं. श्रीमंतभाऊ खाली बघत होते. गिरणीचं कलम झाल्यावर मावशींनी मान हलवली, "बराबर हाय." पाचवं कलम मी भरभर उरकायला गेलो, तर त्यांनी माझं मनगट धरलं. "परत वाच. वळून बसायचं म्हंजी?"

मी परत वाचलं.

राहीमावशी माझ्याकडं बघत राहिल्या. मला वाटलं शिवी देतील. त्यांनी तोंड दाराकडं केलं आणि मोटरच्या वरताण ओरडल्या, "भीमेऽ! आयकलं का? नुस्तं वळून बसायचं हुतं म्हनं ह्याला! नुस्तं वळून! आन तू हितं गिरन बंद करून हुबी ऱ्हायची, आमच्याशी भांडायची!"

"मावशी, अहो," श्रीमंतभाऊ म्हणाले.

"काय मावशी? तिला कळाया नको?"

दारातून मला आई दिसते. तिनं ऐकलंय. तिचा हात तोट्याखालच्या पिठात होता, तो तसाच राहिला. मग तिनं माझ्याकडं बघितलं. ती गिरणी बंद करू शकत नाही, वरच्या पेटीत राहीमावशींचा जोंधळा अजून अर्धा आहे. दाणा आत असताना मोटर बंद केली तर जातं जाम होतं. तेवढा वेळ माझ्याकडं आहे. म्हणून हे एवढं घाईनं.

७. आईला आता माहीत झालं. माझ्या तोंडून व्हायला पाहिजे होतं, राहीमावशींच्या तोंडून झालं, हेही माझ्याच खात्यावर. तिनं उद्या पुण्याला यायचं की नाही हे तिनं आज, आपल्या घरात, एकटीनं ठरवावं. तिला कुणी समजावू नये. तू पण नाही, ताई. ती आली नाही तर का आली नाहीस असं तिला कुणी, कधीही विचारू नये. मी तर नाहीच. आणि ती आली तर तिच्यासमोर मला कुणी नशीबवान म्हणू नये.

हे सगळं मी स्वतःच्या हातानं लिहिलं, दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली आणि त्यांनी माझ्यासमोर केली.

करण भागवत मुरूमकर (सही)

साक्षीदार:
१) श्रीमंत ज्ञानदेव डुचे, जीपचालक, रा. जामखेड (सही)
२) राहीबाई सोपान खाडे, रा. जामखेड (सही. अंगठा नको म्हणाल्या, "मला येतं." वेळ लागला, पण पूर्ण नाव लिहिलं.)

ठिकाण: भीमाबाईंची गिरणी, जामखेड
दिनांक: ११ फेब्रुवारी २०२५

पेटीतला दाणा संपत आला, आवाज पातळ झालाय. आईनं पदराला हात पुसले. कागद गहिन्याकडं देतोय, तो तुला पोचवेल. ती दारात यायच्या आत मी मागच्या दारानं जीपमध्ये जाऊन बसतो. निघालो.