आवारात कोणी राहू नये

मी, भावसिंग लखमा आडे, वय अडुसष्ट, राहणार हळद कारखाना, कुरुंदा शिवार, तालुका वसमत, जिल्हा हिंगोली, डोकं ठिकाणावर असताना आणि कोणी बळजबरी केलेली नसताना हे मृत्युपत्र लिहून ठेवतो.

कलम १. कारखान्याची जागा, हळद शिजवायच्या कढया आणि पॉलिशचा ड्रम मुलगा प्रेमदास यास मिळावा. अट एकच. बायको-लेकरं घेऊन त्यानं आवारातच राहायला यावं. "बा, कंपनी माल घेणार न्हाई," असं तो म्हणेल. नको घेऊ दे.

कारण लिहितो. १९९६ साली मुंबईच्या एका मोठ्या मसाला कंपनीनं आपली हळद घ्यायचं ठरवलं आणि आधी तपासणीला साहेब पाठवला. पाहुणा येणार म्हणून माझी पत्नी रुख्मिणीबाई हिनं वाळवणीचं अख्खं खळं शेणानं सारवलं, वर रांगोळी काढली. साहेबानं बूट उचलून पाहिला आणि आम्हाला नापास केलं. "घाण काहून म्हणतो त्यो? पहाटपासून सारवून राहिले मी," ती म्हणाली.

मग मी सिमेंट ओतलं, भिंत घातली, गाई विकल्या. आवारात कुटुंब राहू नये, अशीही अट होती. रुख्मिणीबाई लेकरं घेऊन तांड्यावर गेली. माल सोडून जाता येईना, म्हणून मी कागदोपत्री स्वतःचाच वॉचमन होऊन इथं राहिलो. ती भाकरी घेऊन यायची. खाणं आत चालत नव्हतं, ते मी फाटकाबाहेर उभ्यानं खायचो. २००३ साली ती वारली. आता खानावळीचा डबा येतो.

पूर्वी होळीच्या सुमारास हळद शिजायची तेव्हा सगळा तांडा इथं जमायचा, होळीची लेंगी गाणी गायचा, जाळावर हरभऱ्याचा हुळा भाजायचा. कंपनी म्हणाली, येणाऱ्यानं नाव लिहावं, पाय धुवावेत, जाळीची टोपी घालावी. एक वर्ष चार म्हातारे टोप्या घालून आले. पुढं कोणी आलं नाही. तपासणीत मात्र मी पुन्हा कधी नापास झालो नाही. फार एकटं वाटतं. हे तोंडानं कोणाला सांगितलेलं नाही.

कलम २. बँकेतली शिल्लक मुलगी संगिता हिला. तिनं मला न विचारता लग्न केलं, त्याचा राग होता. आता नाही.

कलम ३. वसमतचा व्यापारी तातेराव यास माझी जाळीची टोपी द्यावी. भावसिंग आपल्याच घरी राखणदार झाला, असं तो बाजारभर सांगतो. बराबर सांगतो.

कलम ४. प्रेमदास वर्षभरात राहायला आला नाही, तर फाटक काढून जागा तांड्याला द्यावी.

सही होताना दोन साक्षीदार समोर लागतात, असं कळलं. घरच्यांना बोलवायला निघालो, फाटकापासूनच परत फिरलो. म्हणून कामासाठी ज्यांना इथं यावंच लागतं, त्या दोघांना विनंती केली. जेवून जा म्हणालो, तर तपासणीचे साहेब म्हणाले, "आम्हाला पुरवठादाराकडं जेवता येत नाही." तकलीफ दिली, माफी असावी.

ठिकाण: कुरुंदा. दिनांक: १३ फेब्रुवारी २००७.

सही: भावसिंग लखमा आडे

साक्षीदार:
१. अनिरुद्ध सेलूकर, तपासणी अधिकारी. माझ्यासमोर सही केली.
२. संतराम ढोले, ट्रक ड्रायव्हर, हिंगोली. माझ्यासमोर सही केली. मी जेवायला थांबलो.