तबकडी तीच, मशीन नवं

माझ्या हट्टी धाकट्या भावास थोरल्या बहिणीचे आशीर्वाद, आणि कानाला एक चिमटा. गुडघे कसे आहेत? माझे आहेत तसेच, बोलतात जास्त आणि चालतात कमी. मी सांगते आहे, सूनबाई लिहिते आहे. (अक्षर तिचं, अक्कल माझी. हे लिहायला तिने जरा वेळच लावला.)

तर, तू कॉम्प्युटरवर चादर टाकून ठेवलीस असं कळलं. कंपनीने जुन्या सिस्टीमच्या बाबतीत हात वर केले, त्यांची नवीन त्या डब्यात चालत नाही, आणि फुकटातली दुसरी शिकायचं आपलं वय नाही, असं म्हणे तू सगळ्यांना सांगतोस. वयाचं मला सांगू नकोस, मी तुझ्याहून नऊ वर्षांनी मोठी आहे. दर रविवारी कॉम्प्युटरवर तुझं तोंड दिसायचं, ते तीन महिने बंद आहे. फोनवर नुसता आवाज येतो, आणि आवाजात तुला लहानपणापासून खोटं बोलता येतं. चेहऱ्यावर येत नाही.

आमच्याकडेही हेच झालं. सूनबाईने आधी फोटो, कागद सगळं पेनड्राइव्हमध्ये उतरवून घेतलं आणि ती फुकटातली सिस्टीम घातली. तुझा भाचा (जो पायमोजे बदलतानासुद्धा घरात चर्चा घेतो) समोर बसला आणि परक्याच्या स्वयंपाकघरात साखर शोधावी तसा दोन तास नुसती उघडझाप करत राहिला. हे आपल्याला जमायचं नाही, पूर्वीचंच घाल, म्हणून उठला. मला कुठे वाचता येतं? मी जागेवरून चालते. डावीकडून तिसरं चित्र दाबलं, की तू. आता तिसऱ्या जागी कचऱ्याचा डबा आला होता! (तसा फार फरक नव्हता म्हणा.) मी सूनबाईला म्हटलं, चित्रं होती तिथे नेऊन ठेव, मागचा निळा रंगही तोच लाव. दुसऱ्या दिवशी हे साहेब आले, ऑफिसचं काम केलं, गाणी ऐकली आणि म्हणाले, "बरं झालं पूर्वीचं घातलंत. हात बसलेला असतो!" आम्ही दोघी मटार सोलत होतो. मान वर केली नाही. आज पंधरा दिवस झाले, अजून सांगितलेलं नाही.

अरे, चाळीस वर्षं दुकानात बसून तू दुसरं काय केलंस? घड्याळाची तबकडी तीच ठेवून आतलं मशीन बदललंस, आणि वेळ बघणाऱ्याला पत्ता लागला नाही. मग स्वतःच्या टेबलावरच्या डब्याला का घाबरतोस?

तुझी ताई
(अंगठा उठवत नाही, शाई लवकर जात नाही.)

ता.क. सूनबाई रविवारी तुझ्याकडे येते आहे. चादर काढून ठेव. पळून जाऊ नकोस, तुझ्या बायकोला मी फितवलं आहे.

आणखी एक ता.क. प्रिंटर मात्र नव्या सिस्टीमशी अबोला धरून बसलाय, म्हणून पत्र हाताने. मुलाला सांगितलंय, शाई संपली. तू काही बोलू नकोस.

(खाली वेगळ्या अक्षरात) मामा, पत्र टाकायला माझ्याकडे दिलं, आणि पाकीट चिकटवायला दोघी विसरल्या. मला पाचव्याच दिवशी कळलं होतं. प्रिंटरही कालच मी चालू केला. आईला सांगू नका, तिची गंमत जाईल. रविवारी मीही येतोय. संध्याकाळी ती तिसरं चित्र दाबेल, तेव्हा समोर बसा म्हणजे झालं.